पुदिन्याखालचं अर्थिंग

"काका, तुमच्या त्या डब्यानं मले फेकलं."

प्रज्ञा मॅडमचा अमरावतीहून फोन. रविवार, सकाळचे अकरा. मी जठारपेठेतल्या माझ्या दुकानात, हातात गरम सोल्डरिंग आयर्न. ते स्टँडवर ठेवायचंही सुचलं नाही.

"फेकलं म्हणजे?"

"करंट मारला. ओठाले. दोन पावलं मागं जाऊन खुर्च्यांवर पडली मी. डॉक्टरनं ईसीजी काढला, ठीक आहे म्हणे. पण ओठ काळा पडला."

डबा म्हणजे तिचा गिटारचा ॲम्प. दहा वॉटचा, आठ इंची स्पीकरचा, शिलाई मशीनच्या झाकणाएवढा. स्टेजवरचे मोठे ॲम्प उचलायला दोन माणसं लागतात. हा एका हातात मावतो, एसटीत मांडीवर बसतो. घरचा सराव, साक्षगंध, विहारातला कार्यक्रम, सगळीकडे पुरतो. तीस वर्षं मी स्पीकर, ॲम्प आणि माइक दुरुस्त करतोय. माझ्या टेबलावर येणाऱ्या सामानात माझे लाडके हेच छोटे ॲम्प. त्यांच्यात बिघाड कमी, आणि वाजवणारी माणसंही जरा बरी असतात.

प्रज्ञा मॅडम कॉलेजात शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा गिटारचा क्लास घेते. त्या दिवशी सहा वाजता एका वाचनालयाच्या हॉलमध्ये तिच्या बारा मुलींचा पहिला कार्यक्रम होता. सकाळी ती तयारीला गेली. गिटार गळ्यात, एक हात तारांवर. "चेक" म्हणायला तोंड माइकजवळ नेलं, ओठ जाळीला लागले आणि हे झालं. त्याच क्षणी हॉलची लाइनही गेली.

"वायरिंगचा दोष आहे," मी म्हणालो. काहीही न बघता. आमच्या धंद्यात पहिलं वाक्य हेच असतं.

"हॉलचे अध्यक्षही तेच म्हणून राहिले. पण पोरी रडून राहिल्या काका. कोणीच गिटारले हात लावत नाही. तुमी येता का?"

मी गाडी काढली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी माझा राग उतरेना. त्या हॉलच्या वायरमनला काय काय सुनवायचं ते मी वाटेत मनाशी घोकत होतो.

अडीच वाजता पोचलो. वायरमन पायरीवर बसले होते. महादेवराव, वय साठीचं, खिशात टेस्टर. त्यांच्यासमोर वाचनालयाचे अध्यक्ष उभे, निवृत्त हेडमास्तर. आवाज अजून वर्गातलाच.

"या सुधाकरराव. तुमी या लाइनमधले जाणकार. तुमीच सांगा, या माणसाच्या भरवशावर हॉल ठेवावा का नाही? आज एखादी पोरगी मेली असती."

महादेवराव उठले. "साहेब, माहं काम पाहून घ्या. मंग बोला."

"पाहूनच बोलतो," मी म्हणालो. "आधी अर्थिंग दाखवा."

अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल पुरलेला पाइप. कुठल्याही यंत्रात वीज गळून त्याच्या पत्र्यावर आली, तर हिरव्या तारेतून या पाइपात जाते आणि जमिनीत मुरते. हा रस्ता बंद असला की ती माणसातून रस्ता काढते.

हॉलमागे गेलो आणि थांबलो. मे महिना. सगळं अंगण भेगाळलेलं, बोट जाईल एवढ्या भेगा. मधोमध अर्थिंगच्या खड्ड्याभोवती हिरवागार पुदिना.

"हे काय?" मी मोठ्याने म्हणालो. "अर्थिंग आहे का चटणीचा मळा?"

अध्यक्ष हसले. मलाही माझं वाक्य आवडलं. महादेवरावांनी मान खाली घातली.

"पुदिन्याले रोज पाणी लागते," ते म्हणाले. "काळी जमीन उन्हाळ्यात फाटते ना भाऊ. पाइप सुटा पडते. अर्थिंगले पाणी टाका म्हटलं तर कोणी टाकत नाही. पुदिन्याले समदे टाकतात, तोडून नेतात म्हणून. पुदिना सुकला का समजाचं, खड्डा सुकला."

"अर्थिंगमध्ये मीठ टाकतात ना, त्यानं पुदिना जळत नाही?"

"मीठ टाकतच नाही. मीठ पाइप खाते. कोळसा आन् पाणी."

बोलण्यासारखं मनात बरंच होतं, पण बल्ब आधी लावावा म्हटलं. आमची जुनी तपासणी आहे: शंभरचा बल्ब, त्याची एक तार वीज येते त्या तारेला, म्हणजे लाइनला, दुसरी अर्थिंगला. अर्थिंग कच्चं असेल तर बल्ब मिणमिणतो. मी हॉलमधल्या सॉकेटकडे निघालो.

"तिथं नका लावू, ब्रेकर पडन," महादेवराव म्हणाले. "मेनजवळ लावा, ब्रेकरच्या आंधी."

मेनजवळ लावला. बल्ब डोळे दिपतील असा पेटला. खरं सांगतो, माझ्या दुकानात तो एवढा पेटत नाही.

मग मी तो ब्रेकर पाहिला. साधा नव्हता. ईएलसीबी होता. जेवढी वीज जाते तेवढी परत येते का, यावर तो नजर ठेवतो. थोडी जरी वाटेत गळाली, तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन पाडतो. गळालेली वीज माणसातून गेली, तरीही.

"हे कुणी बसवलं?"

"यांनीच हट्ट धरला," अध्यक्ष म्हणाले. "आमी नको म्हणत होतो. घडीघडी पडते."

"पडते म्हणूनच बसवलं," महादेवराव म्हणाले.

सकाळी प्रज्ञा पडली आणि त्याच क्षणी लाइन गेली, हे तिने मला फोनवर सांगितलं होतं. ती लाइन आपोआप गेली नव्हती. ती या डबीने पाडली होती. मॅडम जिवंत होती ती या माणसाच्या हट्टामुळे. आणि मी नव्वद किलोमीटर गाडी हाकत आलो होतो ते त्यालाच झापायला.

सगळी सॉकेटं तपासली. एकातही खोट नाही. राहिला डबा.

तो स्टेजवरच होता. बाजूला खुर्चीवर प्रज्ञा, ओठावर रुमालात बांधलेला बर्फ. मुली मागच्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या. मी मीटर लावला. प्लगची लाइनची पिन आणि ॲम्पचा पत्रा, यांच्यात काहीही संबंध नको. मीटरने संबंध दाखवला. आतला ट्रान्सफॉर्मर गळत होता. म्हणजे वीज पत्र्यावर, पत्र्यावरून केबलमधून गिटारच्या तारांवर, तारांवरून प्रज्ञाच्या हातात. माइकची जाळी या हॉलच्या उत्तम अर्थिंगला जोडलेली. ओठ लागले आणि वाट पूर्ण झाली.

पण ट्रान्सफॉर्मर गळला तरी हे व्हायला नको. हिरव्या तारेचं कामच ते. मी अर्थची मोठी पिन आणि पत्रा यांच्यात मीटर धरला. मीटर वाजायला हवा होता. वाजला नाही.

प्लगचे स्क्रू काढले. आत हिरवी तार कापलेली, मागे दुमडलेली, वर काळी टेप.

"पाहा!" अध्यक्ष मागून म्हणाले. "कोणत्या गाढवानं केलं हे?"

टेपखाली तारेची गाठ होती. प्लगच्या आत तारेला गाठ मारावी, म्हणजे कुणी वायर ओढली तरी ताण स्क्रूवर येत नाही, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. गाठ बरेच जण मारतात. पण मी डावरा आहे. माझी गाठ उलटी पडते.

ही गाठ उलटी होती.

मागच्या हिवाळ्यातला तो दिवस लख्ख आठवला. मॅडम दुकानात आली होती. "काका, मोठ्या मिक्सरले जोडला का हा घुं करते." दोन यंत्रं दोन ठिकाणांहून अर्थला जोडली की असा आवाज येतो. तो नीट काढायला अर्धा दिवस लागतो. वाईट पद्धतीने काढायला पाच मिनिटं. प्लग उघडायचा, हिरवी तार कापायची. आम्ही सगळेच करतो, त्याला 'मोकळी करणं' म्हणतो. घुं गेला. ती खूश झाली. "काही होणार नाही ना?" तिने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "काही होत नाही."

"काय निघालं, सुधाकरराव?"

अध्यक्ष, महादेवराव, प्रज्ञा, तिघं माझ्याकडे बघत होते. उलट्या सुलट्या गाठीतला फरक त्यांच्यातल्या कुणालाही कळला नसता. 'कुण्या लोकल मेकॅनिकनं कापली' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते होतं, हे मी कबूल करतो. मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

"ही गाठ माझी आहे," मी म्हणालो. "तार मी कापली."

महादेवरावांनी विचारलं, अगदी हळू, "कावून कापली, भाऊ?"

"घुं आवाज येत होता."

"मंग घुं कावून येते, थे पाह्याचं होतं."

उस्तादांनी कधी मारलं नाही मला. त्या वाक्याने ते काम झालं.

प्रज्ञाने ओठावरचा बर्फ काढला. "दोन महिने झाले, तारा चुरचुरत होत्या. घरी मी दिवाणावर बसून वाजवते, पाय जमिनीले लागत नाही. मले वाटलं, उन्हाळ्यानं होत असन." ती थांबली. "तुमी म्हटलं होतं ना, काही होत नाही."

मी हिरवी तार सोलली, जागेवर जोडली. सगळ्यांना लांब उभं केलं आणि डबा सॉकेटला लावून स्विच टाकला. टक. ब्रेकर पडला. कुणाचाही हात कुठेही लागलेला नव्हता.

"तार जागेवर असती तर सकाळी एवढंच झालं असतं," मी म्हणालो. "महादेवरावांचं काम सोळा आणे आहे. खोट माझ्या कामात होती."

अध्यक्ष खाकरले आणि खुर्च्या मोजायला निघून गेले.

माझ्या गाडीत नेहमी एक बॅटरीवरचा ॲम्प असतो. पाच वॉटचा, पाण्याच्या मोठ्या तांब्याएवढा. गिऱ्हाइकाची गिटार तपासायला ठेवलाय. चार्ज करून आणायचा, भिंतीला जोडायचाच नाही. घरगुती कार्यक्रमाला याच्याहून बरं काही नाही. मी तो स्टेजवर मांडला. याच्यात भिंतीची वीजच येत नाही, त्यामुळे धोका नाही, असं समजावून सांगितलं. मुली जागच्या हलल्या नाहीत.

प्रज्ञा उठली. तिने गिटार माझ्यासमोर धरली.

"आंधी तुमी."

"मला वाजवता येत नाही, मॅडम."

"वाजवू नका. तारा धरा आन् ओठ लावा माइकले."

बरोबर होतं तिचं. मी गिटार गळ्यात घातली. काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, हिशेब सरळ होता. तरी ॲम्पमागे भिंतीची वायर नाही ना, हे वाकून पुन्हा पाहिलं. सकाळी तिलाही काही होणार नाही असंच कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं. महादेवराव न सांगता ब्रेकरपाशी जाऊन उभे राहिले. मी तारा मुठीत धरल्या, डोळे मिटले आणि माइकला ओठ लावले. जाळीचा लोखंडी वास आला. बाकी काही नाही.

"चेक," मी म्हणालो. आवाज बकरीसारखा निघाला. मागे एक मुलगी फिसकन हसली, मग सगळ्याच.

मग प्रज्ञाने गिटार घेतली. माइकपासून चार बोटांवर तिचं तोंड थांबलं. तिथे बराच वेळ थांबलं. मी मान वळवली, मला बघवेना. शेवटी तिचा आवाज आला. ती एकेका मुलीचं नाव घेऊन तिला स्टेजवर बोलावत होती.

कार्यक्रम सहाऐवजी साडेसहाला सुरू झाला. छान झाला. मी पहिल्या दोन गाण्यांनंतर हॉलमागे गेलो. महादेवराव पुदिन्याला पाणी घालत होते.

"मघाशी मी जे बोललो..." मी सुरुवात केली.

"आयकलं मी," ते म्हणाले. खाली वाकून त्यांनी एक जुडी तोडली, झटकली आणि माझ्या हातात दिली. "घरी चटणी करा."

दुसऱ्या दिवसापासून मी फोन लावायला बसलो. आजवर मोकळ्या केलेल्या तारा आठवून आठवून, जुनी डायरी चाळून. बहुतेकांनी वैतागून विचारलं, "चांगलं चालून राहिलं ना भाऊ, कावून छेडता?" मी म्हणालो, घेऊन या, फुकट करतो. काही आले. काहींचे नंबर बदलले. त्यांचं काय चाललंय मला माहीत नाही, आणि तो विचार अजून जात नाही.

प्रज्ञा मॅडमच्या डब्याला नवा ट्रान्सफॉर्मर घातला. हिरवी तार जागेवर आहे. मिक्सरला जोडला की थोडा घुं करतो. "अर्धा दिवस द्या, नीट पद्धतीनं काढतो," मी म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या. माइकजवळ जाताना आयकू येते, म्हणजे तार जागेवर आहे. बरं वाटते."

मग तिने पर्समधून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला, माझ्या टेबलावरच प्लग उघडला आणि तिन्ही तारा मोजल्या. मला राग आला नाही. तेव्हापासून तसाच एक स्क्रू ड्रायव्हर माझ्या काउंटरवर गिऱ्हाइकाच्या बाजूला बांधलेला असतो, आणि त्याने स्वतः प्लग उघडून पाहिल्याशिवाय मी कुणालाच सामान नेऊ देत नाही.