टॉडला आवडलेला आवाज

नैनाच्या सवयी मी एका फ्लॅटमध्ये एकत्र राहता राहता टिपल्या. बंद दाराला धक्का लागला तरी ती सॉरी म्हणायची. रांग नसेल तिथे एकटीच रांगेत उभी राहायची. बिस्किट चहात इतका वेळ बुडवायची की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. खुर्चीच्या कडेवर बसायची, कुणी उठवायला येणार असल्यासारखी. हवा कशी आहे हे रोज खिडकीला मोठ्याने सांगायची. फोनवर बोलताना घरभर चालायची.

नैना लूटनची. इंग्लंडमधलं, विमानतळ आणि कारखान्यांचं गाव. तिचे बाबा चिपळूणहून तिथे गेले आणि बस चालवत राहिले. आई ऑफिसं साफ करते, अजूनही. नैना लग्न करून जर्सी सिटीत आली. लग्न मोडलं, ती राहिली. आमच्याच बिल्डिंगच्या लीझिंग ऑफिसात तिला काम होतं. लोकांना रिकामे फ्लॅट दाखवायचे, नदीपलीकडचं मॅनहॅटन दाखवायचं.

तिचा मॅनेजर टॉड तिच्या आवाजावर फिदा होता. "ती नुसतं 'लॉन्ड्री रूम' म्हणाली तरी राजवाडा वाटतो," तो मला म्हणाला होता. गणपतीत आमच्या मंडळातल्या एक काकू तिला म्हणाल्या, "किती क्लासी बोलतेस गं! आमच्या शिवला शिकव ना थोडं. इंटरव्ह्यू आहेत त्याचे."

घरी आल्यावर नैना पोट धरून हसली. "क्लासी! यार निधी, लंडनला याच आवाजामुळे मला रिसेप्शनवरून परत पाठवलं होतं. तोंडावर म्हणाले, आमच्या क्लायंट्सना जरा वेगळं लागतं."

मी नागपूरची. पुण्यात एमए करताना माझं 'येऊन राहिली' ऐकून वर्ग हसायचा. मला वेगळं काही विचारावं लागलं नाही.

मग कंपनीने नदीकाठी नवा टॉवर बांधला. महागडा. लॉबीत दर रविवारी इंग्लिश पद्धतीचा चहा होणार होता, भाडेकरूंसाठी. त्या लॉबीची होस्टेस नैना होणार, टॉडने जाहीर केलं. ती त्या संध्याकाळी खुर्चीत टेकून बसली. मी प्रथमच बघत होते. "समोर बसवतायत मला, निधी," ती म्हणाली. "समोर!"

त्या चहाच्या तालमीला पाहुणी म्हणून मला नेलं होतं. शिकवायला मिसेस फेनविक आल्या होत्या, इंग्लंडहूनच. मोत्यांचे कानातले, हळू आवाज. नैनाने माझ्या कपात आधी दूध घातलं, मग चहा ओतला. तिच्या घरी तसंच ओततात. बड्या इंग्लिश घरांत दूध नंतर घालतात, हे मला मागाहून कळलं.

मिसेस फेनविक गोड हसल्या. "दूध आधी. लूटनकडच्या का तुम्ही?"

नैनाचा हात थांबला. "लूटनचीच."

"वाटलंच. बोलण्यातही येतं ते."

टॉड गोंधळला. "म्हणजे? ती ब्रिटिश नाहीये?"

"आहे ना. पण तुम्हाला इथे जे ब्रिटन विकायचंय, ते हिचं नव्हे."

"मला तर तुम्ही दोघी सारख्याच ऐकू येता," टॉड म्हणाला. पण त्याचा चेहरा बदलला होता. बनावट माल हाती आल्यासारखा तो नैनाकडे बघत होता.

मिसेस फेनविक दुष्ट नव्हत्या. त्यांनी तोडगा काढला. नैनाने स्वागताचं छोटं भाषण रोज रेकॉर्ड करून पाठवायचं, त्या सुधारणार. उद्घाटनाआधी पास झाली तर जागा तिची. नाहीतर दुसरी मुलगी.

नैना कामाला लागली. आंघोळ करताना, भाजी चिरताना तेच भाषण. एका शब्दावर अडली की स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या. रात्री झोपेत कूस बदलायची. जिभेला फोड आल्यासारखी जपून बोलायची, माझ्याशी मराठीतसुद्धा. आवाज बदलत गेला. चांगलाच बदलला. मला तो गुळगुळीत वाटायचा, थंड पाण्यातल्या दगडासारखा. शेवटच्या रेकॉर्डिंगआधी मिसेस फेनविकनी कळवलं, अगदी थोडं राहिलंय.

बुधवारी दुपारी ती सराव करत होती. फोन वाजला. स्क्रीनवर न बघता तिने स्पीकर लावला आणि त्याच नव्या आवाजात इंग्रजीत विचारलं, आपल्याला काय मदत करू?

पलीकडून नैनाच्या आईचा आवाज आला. पण तो मी ऐकलेला आवाज नव्हता. घाईघाईचं, वाकलेलं इंग्रजी.

"येस मॅडम. सॉरी मॅडम. आय कम नाऊ मॅडम. बस लेट."

नैना उभी होती तिथेच राहिली.

"आई," ती म्हणाली. "मी आहे."

"अगं बाई! तू होय?" आई खो खो हसत सुटल्या. "मला वाटलं, चुकून आमच्या ऑफिसच्या मॅडमना लागला फोन. फोनमध्ये तुझ्या नावाखालीच नाव आहे त्यांचं. घाबरले ना मी! आत्ता कामाला निघाले होते." मग त्या थांबल्या. "काय झकास बोललीस गं नैना. अगदी त्यांच्यासारखी. आता तुला कुणी परत पाठवणार नाही."

"हो," नैना म्हणाली.

फोन ठेवून ती खिडकीपाशी गेली. हवा कशी आहे हे तिने सांगितलं नाही.

"पास होशील तू," मी म्हणाले.

"माहितीये. आईने ओळखलं नाही, म्हणजे पासच." ती वळली. "निधी, मी तिथे उभी राहून बोलले, आणि समोर झाडू घेऊन कुणाची तरी आई आली, तर ती पण असंच 'सॉरी मॅडम' म्हणेल?"

मी टेबलावरचे कप उचलायला लागले.

"चल, रेकॉर्ड कर," ती म्हणाली. "आज पाठवायचंय."

ती खुर्चीत बसली, मी माझा फोन तिच्यासमोर धरला. तिने सुरुवात केली. सुरेख. दोन वाक्यं झाली. तिसऱ्यात अडखळली, पुन्हा तेच वाक्य धरलं, आणि खुर्ची सरकवून उठली. मी रेकॉर्डिंग बंद केलं. तिने जॅकेट उचललं. "जरा खाली जाऊन येते."

ती उशिरा परतली, भिजलेले बूट हातात घेऊन. नदीकाठाने चालत राहिले, एवढंच म्हणाली. सकाळी तिने टॉडला फोन करून दुसऱ्या मुलीला घ्यायला सांगितलं. टॉड विनवत होता, ते मला ऐकू येत होतं. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला मामेभावाकडे गेली. तिथे एका डेटा सेंटरच्या गेटवर लोकांचे बॅज तपासते. मी अजून सावरलेली नाही. तिला समोर बसायचं होतं, आणि जागा जवळजवळ तिचीच झाली होती.

रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. ती सगळ्यांचं स्वागत करते. लॉबीची, नदीची माहिती देते. मग म्हणते, 'इथे तुम्हाला वाटेल की तुम्ही...' आणि पुढे नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज.