गिरजाच्या गुडघ्याची वाटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टँकरचं पाणी भरणं. मी पाइप धरला होता, गिरजा हंडे उचलत होती. "अवो, गुडघ्याची वाटी लई ठणकती," ती म्हणाली. मी म्हणालो, "नाटकं पुरे. पिंप भर." पाचव्या दिवशी ती तापानं गेली.

वर्षश्राद्ध उरकल्यावर ट्रंकेत तिच्या गुडघ्याचा एक्स-रे सापडला. गावातल्या शिबिरात काढलेला. शहरात दाखवा म्हणाले होते; मी नेलं नाय. तिला खरंच दुखत होतं का, एवढं आता मला जाणून घ्यायचं होतं. एक्स-रे बगलेत मारून पैठणहून एसटीत बसलो.

धरणाचा तळ भेगाळलेला. शहराला पाणी नेणारी पाइपलाइन मात्र सडकेच्या कडेनं आमच्याबरोबरच निघालेली. बिडकीनच्या पुढं, जिथं मी ज्वारी पाहिली होती, तिथं कारखाने. मान दुखेस्तोवर बघितलं.

संभाजीनगरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. एक्स-रे उजेडावर धरून म्हणाली, "ही वाटी, बाबा. वरून मांडीच्या स्नायूनं धरलेली, खालून नडगीला (गुडघ्याखालच्या हाडाला) बांधलेली. मधे ती सरकते." माझाच पाय सैल सोडायला लावून तिनं वाटी इकडंतिकडं हलवून दाखवली. सत्तर वर्षं वागवली, हलती हे ठाऊक नव्हतं!

"आजींचा उजवा गुडघा आहे. वाटीमागं फटच उरली नाही, हाडावर हाड घासतंय. हंडा याच गुडघ्यावर टेकवायच्या का?"

"नाय ठाऊक. दुखत असंल का पर?"

"खाली बसून उठताना डोळ्यांत पाणी येतं, इतकं."

बाहेर येऊन शहागंजात नान-खलिया (रोटी आणि मटणाचा रस्सा) मागवला. ताटात एक चपटं हाड आलं. मी ते उलटंपालटं करू लागलो तसा खानावळवाला हसला, "क्या देखरे चाचा? घुटने की कटोरी है. चबाओ नक्को, दाँत जाते!"

मागून बोट फिरवलं. काचेसारखं गुळगुळीत. तिचीही कधीकाळी अशीच असणार. ताट बाजूला सारलं.

सांजच्या गाडीनं परत आलो. चाळीस वर्षं मी पाइपाकडं बघत राहिलो, एवढं त्या एका दिवसात कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. शेजारची कौसा हंडा उचलायला वाकली. आधी गुडघ्यावर, मग कमरेवर.

"कौसे, गिरजा कुठल्या गुडघ्यावर घ्यायची गं?"

"उजव्या की! कधी दिसलं नाय व्हय, दादा?"

मी पाइप तिच्या हातात दिला. रांगेतल्या बायका हसाय लागल्या, "गडीमाणूस हंडे उचलतंय, बघा!"

हसू दिलं. वाकलो, आणि भरला हंडा उजव्या गुडघ्यावर घेतला.