बायाबाईची झोप

फकिराने पोळ्यापासून दारू सोडली होती, पण झोपही दारूबरोबरच गेली; म्हणून त्याची बायको बायाबाई त्याला साकोलीच्या दवाखान्यात घेऊन आली होती. गावच्या तलावात मासे धरणाऱ्या या माणसाचे अर्धे आयुष्य नशेत गेले, आणि तेवढाच काळ बायाबाई नातेवाइकांत, मासळीच्या बाजारात त्याच्या व्यसनाविषयी बोलत आली. तिच्या बोलण्याला वजन होते, कारण ती स्वतः निर्व्यसनी समजली जाई.

समुपदेशक नंदिनी विचारत होती: पडल्यावर झोप यायला किती वेळ लागतो, मध्येच जाग येते का, दिवसा थकवा वाटतो का. फकिराने तोंड उघडायच्या आत बायाबाई उत्तर देई.

"रातभर कुशी बदलत रायते हा. मंग अंगणात जाऊन बसते. सकारी जाळं उचलाले कंटाळा."

"तुले झोप असती तं एवढं दिसलं असतं का?" फकिरा हळूच म्हणाला.

नंदिनी हसली. "खरंच काकू, तुम्ही कधी झोपता?"

"मले कुठची झोप."

नंदिनीने तेच प्रश्न तिला विचारले. उत्तरे फकिराच्या उत्तरांहून वाईट निघाली. "तंबाखू, खर्रा, दारू, काही घेता?"

"छ्या. आमच्या घरी नशाबाज एकच. हा बसला."

गुडाखू तिच्या मनात आलेच नाही, असे म्हणता येणार नाही. तंबाखू आणि गूळ घोटून केलेला तो काळा लगदा तिकडच्या बायका दातांना लावतात आणि त्याला दात घासणे म्हणतात. नशेत त्याची गणना कोणी करत नाही. बायाबाई दिवसातून अनेकदा दात घाशी. रात्री जाग आली की पुन्हा घाशी, आणि डोके गरगरले की भिंतीला टेकून बसे. फकिराने हे सारे पाहिले होते. डबी संपली की दुकानातून तोच आणून देई.

आता तो काय बोलतो, याची तिला धास्ती वाटली. इतक्या वर्षांच्या अपमानाची परतफेड करायला त्याला एक शब्द पुरे होता.

"तिचं काई नाई, म्याडम," तो म्हणाला. "तिची झोप माह्या दारूनं गेली."

घरातल्या व्यसनाच्या काळजीने बायकांची झोप अशी उडते, असे नंदिनी म्हणाली. फकिराने मान खाली घातली आणि बाकीच्या दोषांसारखा हाही पदरात घेतला.

बायाबाईला बसवेना. त्याने टोमणा मारला असता तर तिने दोन परत दिले असते. पण त्याने तर तिला पाठीशी घातले होते.

"म्याडम," ती खालच्या आवाजात म्हणाली, "गुडाखूले नशा म्हंतेत का?"

"त्यात तंबाखूच असते ना, काकू. किती वेळा लावता?"

"मोजलं नाई कधी."

"रात्रीही?"

बायाबाईने पदर तोंडाशी नेला. "रातीच जास्त."

नंदिनीने पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली. बायाबाईला नवऱ्याकडे पाहवले नाही. आणि फकिरा, तिला मोकळेपणी बोलता यावे म्हणून, उठून बाहेर जाऊन उभा राहिला.