मागचं दार

मालकाच्या खळ्यावरचा गोठा सोडला त्या सकाळी आईनं चुलीचे तीन दगड पाटीत घातले, पाटी डोक्यावर घेतली आणि कडेवर तुला. धोंडू, तुला हे आठवायचं नाही, म्हणून मी थोरली बहीण सांगते.

आई-दादा मालकाच्या भातखाचरात राबायचे, तोवरच तो गोठा आपला. मालकानं म्हशी वाढवल्या आणि आपल्याला उठवलं. नशीब, त्याच साली सरकारनं बेघरांच्या घरांसाठी पैसा मंजूर केला. मुळशीच्या रस्त्याकडेला कौलारू खोल्यांची ओळ उभी राहिली, त्यातली एक आपली.

जाऊन बघतो तर काय, सगळ्या ओळीची दारं दक्षिणेला! पुण्यात बसून ज्यानं कुणी नकाशा काढला, त्याला रस्ता दिसला, यमाची दिशा दिसली नाही. एकही बाई आत पाऊल टाकेना. मग शेळ्या आत बांधल्या आणि माणसं अंगणात निजली. शेळ्यांना काय, त्यांना कुठली दिशा.

पौडच्या तालुका कचेरीतून साहेब आले, ते शेळ्या बघून भडकलेच. पाऊस लागायच्या आत राहायला गेला नाहीत तर घरं दुसऱ्यांना देतो म्हणाले. गोठा तर गेलेलाच होता. दादांनी डोक्याला हात लावला.

आईनं शेजारून पहार मागून आणली. "अगं, सरकारी भिंत हाय, हाय ते पन घालवशील," दादा म्हणत राहिले आणि तिनं भर दुपारी मागची, उत्तरेची भिंत फोडली. मला तर रडूच कोसळलं. वाटलं, गेलं आता घर.

आठवड्यात साहेब परत आले. भगदाडासमोर उभं राहून विचारलं, हे कुणी केलं?

"म्या केलं," आई म्हणाली. "भिंत तुमची, पर ऱ्हायचं आमाला हाय. तुमच्या घरचं दार कुनीकडं हाय, सायेब?"

साहेबांनी वहाणा काढल्या, भगदाडातून आत आले आणि पाणी मागितलं. तांब्या मीच पुढं केला. पुढं साहेबांनी चौकटीला लाकूडही धाडलं. मग सगळ्या ओळीनं मागच्या भिंतीला दारं पाडली आणि पुढची कायमची लावून घेतली. अजून ती ओळ रस्त्याकडं पाठ करून बसलीय.

मी इथं पुण्यात, ह्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. नळ आहे, बल्ब आहे आणि दार चक्क दक्षिणेला. इतकी वर्षं झाली, पोरं धडधाकट आहेत. आई पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यात थबकली. "पहार आणू का गं?" म्हणाली आणि हसत आत आली. दादांमागं आता तीही नाही.

तू म्हणतोस, तुझ्या लग्नाआधी मागचं दार बुजवून तिथं कपाट ठेवू, रस्त्याकडचं दार उघडू. तुझंही खरं आहे, यम काही दार बघून येत नाही. पण माहेर म्हटलं की मला ते भगदाडच दिसतं रे. कपाट पुढच्या दाराला लाव. मी आपली वळसा घालून मागनंच येईन.