अकरा ओळी

दोन वह्या शेजारी ठेवून मी ओळी मोजत होतो. पहिल्या अकरा ओळी शब्दाला शब्द सारख्या. विषय होता ‘माझी आई’.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी लेखनकौशल्य शिकवतो. त्याआधी एकोणीस वर्षं गडमुडशिंगीकडच्या एका शाळेत मराठी शिकवलं. इथे इंटर्नलचे, म्हणजे वर्गातल्या लेखनाचे, वीस गुण शिक्षकाच्या हातात असतात. आठ पडले नाहीत तर विषय नापास. कॉपी आढळली तर शून्य. मी दोघींना शून्य टाकून यादी विभागप्रमुखांकडे दिली. ‘अंधारातही आईचा हात मला वासावरून ओळखू येतो’ या वाक्याखाली लाल पेनने लिहिलं होतं : ‘वाक्य चांगलं आहे. कुणाचं?’

दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावलं. त्यांतली सुवर्णा म्हणाली, “सर, तुमचंच हाय की ते.”

“म्हणजे?”

“आठवीत फळ्यावर दिलतं न्हवं का तुम्ही? आम्ही दोघी ब तुकडीत हुतो. एक शब्द चुकला की सगळं परत लिवायला लावायचा.”

मला त्यांचे चेहरे आठवले नाहीत. वाक्य आठवलं; शाळा सोडल्यावर ते मी विसरूनच गेलो होतो.

“पण इथे तरी आपल्या आईबद्दल लिहायचं.”

“आई जाऊन दोन वर्षं झाली, सर. तिचं लिवायला बसले तर हात चालंना. हे पाठ हुतं.” जाताना दारात थांबली. “नापास झाले तर पप्पा पुढं शिकवणार न्हाईत. तेवढं बघा.”

दोघींचे शून्य बदलायचे म्हणालो तेव्हा विभागप्रमुख आधी हसले. “मास्तर, म्हणजे तुम्ही स्वतःचीच कॉपी पकडली की.” मग म्हणाले, “लेखी द्या. गुण भरायचं पोर्टल आज पाचला बंद होतंय. पण विचार करून द्या, तुम्ही तासिका तत्त्वावर आहात.”

म्हणजे माझी नेमणूक दर वर्षी नव्याने. लेखन शिकवायला घेतलेला माणूस शाळेत घोकून घेत होता, हे मलाच सही करून द्यायचं होतं. चार मसुदे केले. प्रत्येकात मला वाचवणारा एक परिच्छेद होता. पाचवा तीन ओळींचा, सरळ. तो घेऊन पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते.

गुण बदलले नाहीत. एकीने फेरपरीक्षा दिली. सुवर्णाने दिली नाही. दोन महिन्यांनी तिच्या घरी गेलो तर तिचं लग्न ठरलं होतं.

“बसा मास्तर, च्या घ्या,” तिचे वडील म्हणाले. “पोरीला लिवाय येत न्हाय म्हणून तुम्हीच कळवलासा की.”

सुवर्णाने कप आणून ठेवला आणि आत गेली.

एकोणीस वर्षं, दर वर्षी दोन तुकड्या, तुकडीत साधारण पन्नास मुलं. एकोणीसशे जणांनी तो हात आपल्या आईचा म्हणून लिहिला. आता मी नमुना देत नाही. दोन वह्या जुळल्या तर आधी विचारतो, गुण नंतर टाकतो. एक दिवस जास्त लागतो, इतकंच.