फोटोची कापलेली बाजू

त्या फोटोग्राफर बाई आमच्या तालुक्यात परत का आल्या नाहीत, याची एक गोष्ट घोडेगावात अजून सांगतात. त्यांनी डोंगरातल्या एका गुराख्याला फसवलं, त्याचा फोटो न विचारता छापला, अशी. ती खोटी आहे. फसवलं मी.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी एका लहान दैनिकाचा घोडेगावचा वार्ताहर होतो. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांनी ठाण मांडलं होतं. मोठ्या पेपरांचे फोटोवाले पिंजऱ्यातला बिबट्या टिपून संध्याकाळी परत जायचे. बाई थांबल्या. पन्नाशीच्या, दंगली आणि परदेशातली युद्धं पाहिलेल्या; कुठल्याशा स्फोटात एका कानाने ऐकू येणं गेलेलं. ओझरजवळ बिबट्या पिंजऱ्यात सापडला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि जमलेल्या माणसांचे चेहरे टिपले. कुणी शिव्या देत होतं, कुणी टाचा उंचावून बघत होतं आणि एका म्हातारीने हात जोडले होते. माझ्या अख्ख्या बातमीत नव्हतं ते त्या एका फोटोत होतं.

त्यांची एक रीत होती. फोटो आधी त्या माणसाच्या घरी जायचा. त्याने बघून हो म्हटलं तरच छापायचा.

शिनोलीच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत हा गुराखी राहायचा. त्याच्या गाईच्या मानेवर बिबट्याच्या दातांचे व्रण होते. नुसत्या काठीनिशी मधे पडून त्याने ती सोडवली होती आणि जखमेत हळद भरत महिनाभर गोठ्यातच निजला होता. त्या दोघांसाठी बाई तीनदा वाडीवर गेल्या. पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही, शेणगोठा करू लागल्या.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाडीचे लोक वाघोबाच्या दगडापुढे खीर ठेवतात. मग एक जण वाघ होतो आणि बाकीचे काठ्या घेऊन त्याला गावाबाहेर पळवतात. "आमच्या शिवंला येशील का?" असं विचारत राहतात, तो "न्हाई, न्हाई" ओरडत पळतो. त्या वर्षी वाघ गुराखीच झाला. बाईंनी फोटो काढला आणि पुण्याहून दोन प्रती माझ्याकडे पाठवल्या. सोबत चिठ्ठी होती: एक त्याला द्या, त्याने होकार दिला तरच दुसरी तुमच्या पेपरला.

चढण दोन तासांची. मी गेलो नाही. त्याच आठवड्यात खाली उसात एका मजुरावर हल्ला झाला आणि संपादकांना फोटो हवा होता. फोटोत डावीकडे बाया-पोरं पोट धरून हसत होती. एका प्रतीवरची ती बाजू मी कात्रीने कापली. उरला धावणारा माणूस आणि मागे काठ्या. खाली लिहिलं, 'बिबट्याच्या भीतीने पळापळ', त्याखाली बाईंचं नाव घातलं आणि पाकीट एसटीने धाडून दिलं.

"काय राव, बिबट्या बघून धोतर सुटलं व्हय?" घोडेगावच्या बाजारात लोक त्याला अडवून विचारू लागले. त्याने बाजाराला यायचंच सोडलं.

बाई आल्या. मला घेऊन वर चढल्या. वाटेत एकच विचारलं, गुराख्याला प्रत दिली होती का. मी नाही म्हणालो.

अंगणात गुराखी म्हणाला, "ताई, मी खेळात पळालो. तुमी त्याची बातमी केली."

"फोटो माझा, नाव माझं. चूक माझीच," बाई म्हणाल्या.

मला या तालुक्यात राहायचं होतं, त्यांना नव्हतं. म्हणूनच त्यांनी ते स्वतःवर घेतलं असावं. मी पुढ्यातल्या कोऱ्या चहाकडे बघत बसलो. परत येऊ नका, असं गुराखी त्यांना म्हणाला, आणि त्या आल्या नाहीत. गुराखी आणि गुरांवर त्या पुस्तक करत होत्या, ते अर्धंच राहिलं.

दुसरी प्रत माझ्या कपाटात राहिली. गेल्या वाघबारशीला ती घेऊन वाडीवर गेलो. आता वर जीप जाते. गुराखी ऐंशीच्या घरात आलाय. फोटो डोळ्यांपाशी नेऊन तो हसणाऱ्या एकेकावर बोट ठेवत नाव घेत गेला. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. मग मी कात्रीचं सांगितलं.

"म्हंजी ताईनं न्हाई केलं?"

"नाही. मी."

"तिनं सोतावर घेतलं ते कळलं. तुमी का गप ऱ्हायलात, पावणं?"

फोटो परत माझ्या हातात देत तो म्हणाला, "जितं कापून छापला, तितंच पुरा छापा. आन् ताईला धाडा."

ते दैनिक कधीच बंद पडलं. म्हणून फोटोखालची खरी ओळ इथे लिहितो आणि हेच पान बाईंना पाठवतो.

वाघबारशीच्या खेळात वाघ झालेला गुराखी. खऱ्या बिबट्याच्या तोंडातून गाय सोडवली ती यानेच. डावीकडे हसणारी त्याची वाडी. छापायला त्याचा होकार आहे.