टोळीचं प्रोसिडिंग

माझे वडील दूध डेअरीचे सेक्रेटरी होते. महाळुंगे पडवळला तीस वर्षं त्यांनी लोकांच्या दुधाचा फॅट तपासला आणि कुणासाठी एका पॉइंटाचा फरक केला नाही, सख्ख्या मेव्हण्यासाठीही नाही. मामा त्या रागानं दोन दिवाळ्या आमच्याकडे आला नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी वडील भर स्टँडवर भांडायचे, आणि आई लांब जाऊन आपण यांच्या कुणी नाही अशी उभी राहायची. असा माणूस रिटायर झाल्यावर कॉम्प्युटरवर दुष्टांची टोळी चालवायला लागला, तेव्हा आईला वाटलं, यांना ऊन लागलं.

कॉम्प्युटर माझा. मी तेव्हा मंचरच्या कॉलेजात बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि एका मैत्रिणीच्या सीडीवर तो खेळ आला होता. सहा जणांची टोळी घ्यायची, जादूच्या राज्यात हिंडायचं, आणि शेवटी सैतानाला मारून त्याच्या गादीवर बसायचं. वाटेत भेटलेली माणसं काय बोलतात ते इंग्रजीत खाली लिहून यायचं, आणि आपलं उत्तर तीन-चार ओळींतून निवडायचं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मी मराठीत सांगायचे, ते ठरवायचे, मी माउस दाबायचे.

पहिल्यांदा आम्ही सज्जन टोळी केली. चार दिवस वडील लोकांच्या हरवलेल्या शेळ्या आणि अंगठ्या शोधून देत होते. पाचव्या दिवशी खुर्ची मागं सारून म्हणाले, "हे तर म्या डेअरीत तीस वर्सं क्येलं. आता जरा वाईट वागून बघू." मग थोडं थांबून, "पर पद्धतशीर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंचरहून सभेचे ठराव लिहायचं कोरं प्रोसिडिंग बुक आणलं. डेअरीतलं एक घरात शिल्लक होतं, पण ते संस्थेचं. त्या दिवसापासून आमच्या टोळीनं एकही खून ठरावाशिवाय केला नाही. ते बुक अजून माझ्याकडे आहे. 'ठराव क्र. १७. नदीकाठच्या देवळातील पुजाऱ्यास ठार मारून तळघराची किल्ली ताब्यात घेणेबाबत. सूचक: बुटका. अनुमोदक: चेटकीण. सर्वानुमते मंजूर.' खाली अध्यक्ष म्हणून वडिलांची वळणदार सही, कारण टोळीचा म्होरक्या तेच. बुटका अडाणी, खाणीत वाढलेला, म्हणून त्याचा अंगठा. चेटकिणीचाही अंगठाच. ती एवढी पुस्तकातले मंत्र म्हणते आणि तिला सही येत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मंतर पाठ आसत्यात." बाप्याचा डावा अंगठा, बाईचा उजवा, असा त्यांचा नियम होता. शाईच्या पॅडवर दोन्ही अंगठे त्यांचेच.

गाव जाळायचा ठराव आला तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली: गोठे वगळून. खेळात तशी काही सोय नव्हती. मी म्हटलं, वगळले, आणि सगळं पेटवून दिलं.

शेवटाकडे खेळ अवघड होत गेला. टोळीची बदनामी एवढी झाली की दुकानदार औषध विकेनात आणि प्रत्येक वेशीवर शिपाई अंगावर यायला लागले. वडिलांना ते मनाला लागलं. "आपुन काय कुनाच्या रागानं मारलं का? समदं लेखी हाय," म्हणायचे. लपाछपीनं राज्याच्या टोकापर्यंत पोचेतो टोळीतले तिघे मेले. उरले म्होरक्या, बुटका आणि चेटकीण.

त्याच उन्हाळ्यात मला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहाला कामावर हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. वडिलांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं, घडी घातली आणि म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही. आमच्या आळीतली एकही मुलगी तोवर पुण्यात एकटी राहिली नव्हती, आणि पहिली माझी पोरगी कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेही आईकडून कळलं. मला ते स्वतः काही सांगेनात. रोज जेवण झालं की खुर्चीत येऊन बसायचे आणि म्हणायचे, "हं, वाच." मी वाचायचे. राग एवढा होता की कुणाचा मुडदा पडला की बरं वाटायचं.

रविवारी दुपारी आम्ही सैतानाच्या दाराशी पोचलो. मी दार उघडणार, तेवढ्यात वडिलांनी हात वर केला.

"कोरम न्हाई."

"काय?"

"सहातलं चार पायजेत. तिघंच हायेत. सभा तहकूब. आर्ध्या तासानं परत बसू, तहकूब सभंला कोरम लागत न्हाई."

आणि त्यांनी खरंच घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पडद्यावर तिघं जण सैतानाच्या दाराशी बूड हलवत उभे. चार वाजता आमची लाईट जायची, तीन वाजून गेले होते, आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती. माझं डोकं फिरलं.

"आण्णा, तुमी अख्खं गाव पेटावलं. देवळातला पुजारी मारला. आन् मला पुण्याला सोडत न्हाई?"

"त्याचे ठराव हायेत," वडील म्हणाले.

मी कागद ओढला आणि तिथल्या तिथं अर्ज लिहिला. विषय: पुण्यास नोकरीस जाण्यास परवानगी मिळणेबाबत. तो त्यांच्यापुढं आपटला. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला.

"तहकूब सभंत नवा इषय घ्येता येत न्हाई," म्हणाले. "फुडल्या सभंत."

"पुढची सभा कधी? उद्या दहाला मला हजर व्हायचंय!"

त्यांनी अर्ज घड्याळाखाली ठेवला. आई दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "त्या बुटक्याचं आइकता, पोरीचं आइका की जरा." अर्धा तास आम्ही तिघं त्या घड्याळाकडे बघत बसलो.

वेळ झाल्यावर सैतानाला मारायचा ठराव पास झाला. मी दार उघडलं. लढाई चांगली झाली. चेटकिणीनं आग टाकली, बुटका कुऱ्हाड घेऊन थेट गादीवर चढला, आणि सैतानाचा जीव बोटभर उरला असताना लाईट गेली. पडदा काळा झाला. मी माउस आपटला आणि रडायला लागले. खेळासाठी नव्हे, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

वडील उठले. प्रोसिडिंग बुक, शाईचं पॅड आणि माझा अर्ज घेऊन ओट्यावर उजेडात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली आणि उभं राहून वाचून दाखवलं, डेअरीच्या वार्षिक सभेत वाचायचे तसं.

"ठराव क्रमांक चौसष्ट. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेला विषय. टोळीची दुभाषी हीस पुण्यास नोकरीस जाऊ देणेबाबत. सूचक, बुटका. अनुमोदक, चेटकीण. अध्यक्षांनी विरोध केला, तो नोंदवून घेण्यात आला. ठराव बहुमताने मंजूर."

मग डावा अंगठा पॅडवर दाबून त्यांनी बुटक्याचं मत दिलं, उजवा दाबून चेटकिणीचं, आणि खाली सही केली.

"दोन इरुद्ध येक," म्हणाले. "माझं काय चालतंय."

तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी तो मुद्दा काढला नाही.

सोमवारी सकाळी ते मंचरपर्यंत सोडायला आले. दोन्ही अंगठे अजून निळे होते, साबणानं शाई निघाली नव्हती. पुण्याची गाडी स्टँडात शिरली आणि अख्खा फलाट तिच्यामागं धावला. मी गर्दीत मागं पडले. वडील दिसेनात. मग दिसले, गाडीच्या पलीकडच्या अंगाला, चाकावर पाय देऊन चढलेले. माझी पिशवी त्यांनी खिडकीतून आत टाकली आणि ओरडले, "जागा धरलीया!"

आत आमच्याच गावचा एकजण होता. तो बघतच राहिला. "सेक्रेटरी, तुमी? खिडकीतनं?"

"ठराव झालाय," वडील म्हणाले.

मी आत चढले, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या जागेवर बसले.